नऊ माणसांची उपासना आणि विश्वासाचं मोजमाप

पत्र (थोडक्यात): आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे, दीडशे माणसं बसतील एवढं. तरणीताठी पोरं पुण्याला, पिंपरीला गेली. आता रविवारी आम्ही नऊजण असतो, त्यातली तीन लेकरं. पाळकसाहेबांकडे सहा गावं आहेत, महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवावी असं पंचांनी ठरवलं. मी दहावी पास, अंगणवाडीत मदतनीस. घरी मालकांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, डावा हात अजून उठत नाही. मध्यंतरी तालुक्याला एका सभेला गेले. वक्ते म्हणाले, जिथं देवाचं सामर्थ्य असतं तिथं गर्दी असते, पैसा असतो, रोग राहत नाही. तुमच्यात विश्वास कमी पडतोय, पाच हजारांचं बी पेरा. त्या दिवसापासून झोप नाही. आशा आशा म्हणतो ती नुसती मनाची समजूत आहे का? त्यात नऊपैकी दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि एक विचारायचं राहिलं, नऊ माणसांसाठी घंटा वाजवायची का? लोक हसतात.

उत्तर:

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

पाच हजार देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, कारण अशा सभांनंतर चार-आठ दिवसांत कुणाचा तरी फोन येतो आणि माणूस भिडेला बळी पडतो.

पैसे मागताना बहुतेक वेळा विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी लहान नाण्यांचा, दाखला देतात. तो उतारा मार्क 12:41 पासून वाचला जातो आणि 44 ला संपवला जातो. तुम्ही 38 पासून सुरू करा आणि पुढच्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनापर्यंत जा. 40 व्या वचनात येशू शास्त्र्यांना दोष देतो, कारण ते विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढं एक विधवा आपली सगळी उपजीविका भांडारात टाकते. आणि 13:2 मध्ये त्याच मंदिराबद्दल तो म्हणतो की इथं चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिच्या देण्याची थोरवी खरीच आहे. पण गरीब बाईकडून पैसे काढायला हा उतारा वापरणारा माणूस 40 व्या वचनातल्या लोकांत जाऊन बसतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. किंवा येतं.

आता मालकांच्या हाताबद्दल. याकोब 5:14-15 नीट वाचा. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असं तिथं आहे. प्रार्थना कुणाची? वडिलांची. आजाऱ्याच्या विश्वासाची परीक्षा घ्या, कमी भरला तर त्याला दोष द्या, असं त्यात कुठंही नाही. प्रेषित पौलानं आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेतच मिलेतात मागं ठेवलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला वरचेवर होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), म्हणजे त्या काळचं औषधच. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. कृपा पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं. पौलात विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आपल्याकडचंच बघायचं तर पंडिता रमाबाई. 1883 मध्ये त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे ती वाट बंद झाली. बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला, पण कान काही बरे झाले नाहीत. पुढं केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका, साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर आणि ते छापायला मुक्तीतल्याच मुलींचे हात, हे सगळं त्या अधू कानांच्या बाईनं उभं केलं. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर होऊन हातावेगळं झालेलं होतं.

म्हणून मालकांची फिजिओथेरपी आणि गोळ्या चालू ठेवा. प्रार्थना तेल लावून करायची असेल तर पाळकसाहेबांना आणि पंचांना घरी बोलवून करा. रक्तदाबाची गोळी चुकवून मात्र नको. प्रार्थना झाल्यावर गोळी बंद करणं म्हणजे विश्वास दाखवणं, असा समज गावोगाव आहे, आणि दुसरा झटका पुष्कळदा त्यातूनच येतो.

आता तुमचा खरा प्रश्न. आशा म्हणजे मनाची समजूत आहे का?

मराठीत "पाऊस पडेल अशी आशा आहे" म्हणतो तेव्हा पडेल किंवा न पडेल, दोन्ही धरलेलं असतं. शास्त्रातली आशा अंदाज करत नाही. जे एकदा घडलं, म्हणजे ख्रिस्ताचं मरणातून उठणं, त्यावर ती उभी आहे. 1 करिंथ 15 हा अख्खा अध्याय पुनरुत्थानाचा आहे आणि त्याचं शेवटचं, 58 वं वचन श्रमांबद्दल आहे, की प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ जात नाहीत. तुमच्या गावातली मंडळी पुन्हा दीडशेची होईल असं वचन देवानं कुठंही दिलेलं नाही. ते वचन आहे असं धरून चाललात तर दर रविवारी डोकी मोजाल आणि दर रविवारी खचाल. नऊजणांसाठी केलेलं वाया जात नाही, एवढं मात्र दिलेलं आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस आधी फुगतो, मग फुटतो.

सारफथची विधवा आठवा (1 राजे 17). मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, दोन काटक्या. एलीया संदेष्ट्यानं आधी स्वतःसाठी भाकर मागितली. पुढं पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. पण कणगी भरली असंही लिहिलेलं नाही. रोज सकाळी बाईनं मडक्यात हात घातला तेव्हा तळाशी आजच्यापुरतं होतं. दुष्काळ तर चालूच होता. शिवाय त्याच घरात पुढच्याच वचनात तिचा मुलगा आजारी पडतो आणि मरतो. एलीयाच्या प्रार्थनेनं तो परत मिळाला, पण त्याआधी तिला त्या दुःखातून जावंच लागलं. देवाचं सामर्थ्य त्या घरात होतं म्हणून संकट दारातून परत गेलं नाही. वक्त्यांच्या हिशेबात ही बाई बसत नाही.

आणि यिर्मया संदेष्ट्याचं खरेदीखत. तो उतारा (यिर्मया 32:6-15) तुमच्या भागात, जिथं सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, जितका कळेल तितका कुठं कळणार नाही. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमेला वेढा घातलेला. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, हक्क तुझा आहे. शत्रूच्या ताब्यात गेलेली जमीन! यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक खत मोहोरबंद, एक उघडं, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला देतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील, हे परमेश्वराचं वचन. यिर्मयाला त्या शेतात पेरायला मिळालं नाही. त्याला पुढं मिसरात नेलं गेलं. खत करून झाल्यावर तो देवाला विचारतोही, की नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे शंका होती. तरी सह्या झाल्या, खत भांड्यात गेलं. आशा मनात किती वाटते याला फारसं महत्त्व नाही, ताई. ती कागदपत्रं नीट करते.

आता उपासनेकडे येऊ, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय.

दीडशे माणसांच्या उपासनेची छोटी नक्कल करू नका. सगळ्यांत जास्त बिघडतं ते यानंच. पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच पीठावर, उभं राहून नऊजणांना वीस मिनिटं उपदेश केला की रिकामी बाकं दिसतात, माणसं दिसत नाहीत. पुलपीट पाळकसाहेबांसाठी राहू द्या. वेदीसमोर सतरंजी अंथरा, गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन-चार खुर्च्या, अर्धगोल. तुम्हीही त्यातच बसा. माईक आणि स्पीकरचा डबा बंद. दगडी इमारतीत आवाज असाच घुमतो, त्यात स्पीकर लावला की म्हाताऱ्यांना शब्द कळत नाहीत.

एकूण 50 ते 55 मिनिटं, त्याहून जास्त नको. सुरुवातीला एक स्तोत्र आळीपाळीनं, एक वचन तुम्ही, एक सगळ्यांनी. मग एक गीत, पाठ असलेलंच. पेटी वाजवणारं कुणी नसेल तर गीत उचलण्याआधी अंतऱ्यातला सगळ्यांत वरचा स्वर मनात गुणगुणून पाहा. ध्रुवपदाला सोपं वाटतं म्हणून उंच उचलतात आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचा गळा बसतो. भजनाच्या चालीची गीतं असतील तर टाळांची एक जोडी पुरते. मराठी मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तशीच गायली आहेत. त्यानंतर पापकबुली आणि आभार, पाच मिनिटं.

मग वाचन, आणि हाच उपासनेचा गाभा. उतारा सात ते बारा वचनांचा. एकदा जुन्या आवृत्तीतून, कारण म्हाताऱ्यांच्या कानाला तीच भाषा सरावलेली आहे. एकदा सोप्या मराठीतून, आणि ते लेकरांपैकी एकाला वाचायला द्या. लेकराला उतारा शुक्रवारीच सांगून ठेवा. अडखळलं तर मध्येच दुरुस्त करू नका, नाहीतर पुढच्या रविवारी ते येणार नाही. दोन मिनिटं गप्प बसा. दोन मिनिटं फार वाटतात. घड्याळ लावा, कारण नवीन माणूस वीस सेकंदांत घाबरून बोलायला लागतो. मग दोनच प्रश्न: यात देव काय करतो? आणि यातलं कोणतं माणूस माझ्यासारखं आहे? ज्याला बोलायचं नाही त्यानं "पुढं" म्हणावं. तुम्हाला उत्तरं यायला हवीत असं नाही. एखादा प्रश्न अडला तर वहीत लिहून पाळकसाहेबांसाठी ठेवा. त्यांनाही बरं वाटेल.

या बोलण्याची सगळी पंधरा मिनिटं एकच माणूस खाईल, हे धरून चाला. प्रत्येक मंडळीत एक काका असतात. त्यांना हाताशी धरा, वेळ बघायचं काम त्यांनाच द्या.

पहिल्या चार-पाच रविवारांसाठी 1 राजे 17:8-16, मग यिर्मयाचा उतारा, मग मार्क 4:26-32, मग मार्क 12:38 ते 13:2, मग 1 करिंथ 1:26-31. मार्क 4 मध्ये मोहरीचा दाखला सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याच्या आधीचा तीन-चार वचनांचा दाखला कुणी वाचत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. त्यात शेतकऱ्याला झोपायची परवानगी आहे. तुम्ही रात्रभर जागता म्हणून हे लिहिलं.

मध्यस्थीची प्रार्थना दहा मिनिटं. विनंत्या आधी वहीत घ्या: दोनशे पानी वही, डाव्या पानावर तारीख आणि विनंती, उजवं पान कोरं. दर तीन महिन्यांनी वही वाचून उजवीकडे काय झालं ते लिहायचं. "झालं नाही" हेही लिहायचं, "अजून वाट पाहतो" हेही. फक्त मिळालेल्या उत्तरांची वही सहा महिन्यांत खोटी वाटू लागते. आणि कुणाचं दुखणं, कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाच्या नवऱ्याची दारू, हे सविस्तर लिहू नका; नाव आणि "घरासाठी" एवढं पुरे. प्रार्थनेच्या विनंतीतून गावभर बातमी पसरली की लोक विनंती सांगायचंच सोडतात.

शेवटी दुसरं गीत, दान, प्रभूची प्रार्थना. तुम्ही दीक्षित पाळक नाही, म्हणून हात उचलून आशीर्वाद देण्याऐवजी 2 करिंथ 13:14 सगळ्यांनी मिळून म्हणा, "आपणा सर्वांबरोबर" असं. प्रभुभोजन पाळकसाहेबांच्या रविवारीच. खाटेवरच्या आजाऱ्यांना ते घरी द्यायचं असेल तर त्यांची नावं आदल्या आठवड्यात कळवा, म्हणजे ते वेळ काढून येतील.

दानाचे पैसे दोघांनी मोजायचे, त्यातला एक तुमच्या घरचा नको. रक्कम वहीत आकड्यात आणि अक्षरात, दोन सह्या. रविवारचे दोनशे रुपये असले तरी. एवढ्याशा पैशाला कशाला सह्या, असं म्हणतच भांडणं लागतात. आणि चर्चच्या जागेबद्दल कुणी कसलाही कागद आणला, भाड्याचा, मोजणीचा, मोबाइलच्या टॉवरचा, तर सही करू नका. मिशनच्या काळातल्या जागा सहसा ट्रस्टच्या नावावर असतात. उपासना चालवणाऱ्याला तो अधिकार नसतो. कागदाचा फोटो काढा, पाळकसाहेबांना पाठवा.

दोन घरांचं भांडण. "दोघे किंवा तिघे जमतात तिथे मी आहे" हे वचन आपण हजेरी कमी असली की सांत्वनाला म्हणतो. मत्तय 18 उघडून बघा, ते 15 व्या वचनापासून भावाभावांतला तंटा सोडवण्याबद्दल चाललं आहे. दीडशेच्या मंडळीत दोन घरं अबोल राहिली तर खपून जातं. नऊजणांत तीच अर्धी मंडळी आहे. पण उपासनेत त्यावर बोलू नका, वाचनही त्यांना टोचेल असं निवडू नका. नऊजणांत टोमणा लपत नाही. तिथली पहिली पायरी एकांताची आहे. ज्या घरात तुमची ऊठबस जास्त आहे तिथं एकट्या जा, वीस मिनिटं बसा, आणि "तुम्ही आधी बोलाल का?" एवढंच विचारा. नाही म्हणाले तर महिन्यानं पुन्हा. न्यायनिवाडा करायला बसू नका. बांधाचं भांडण असेल तर ते तुमच्यानं मिटणार नाही, पण बोलणं सुरू होऊ शकतं.

दहावी पास असल्याचं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. नगरच्याच लक्ष्मीबाई टिळक कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं; ते लक्ष्मीबाईंनी पुढं लिहिलं. तेव्हा दहावीचं सांगू नका.

थकव्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, पण अंगणवाडी, मालकांना उठवणं-बसवणं आणि रविवार, हे दिसतंच आहे. ईजबेल राणीला भिऊन पळालेला एलीया झुडपाखाली मरण मागत आडवा झाला, तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. खाल्लं, झोपला, पुन्हा उठवून खायला घातलं (1 राजे 19:5-8). मगच बाकीचं बोलणं. पंचांकडून लेखी घ्या की ही जबाबदारी सहा महिन्यांची आहे, मग पुन्हा बसून ठरवू. पाळकसाहेबांचा एक रविवार सोडून आणखी एक रविवार दुसऱ्या कुणाकडे द्या. त्या दिवशी तुम्ही मागं बसा, किंवा येऊच नका. दुसऱ्यानं चुकीचं गीत उचललं तरी चालेल.

राहिली घंटा. वाजवा. साडेनऊला पहिली, दहाला दुसरी, दहा-बारा ठोके, आणि वेळ एक मिनिटही चुकवू नका. हसणारे चार रविवार हसतील, मग तिच्यावर दूध आणायला निघतील. जे खाटेवर आहेत आणि येऊ शकत नाहीत त्यांना दहाला कळतं की सुरू झालं; त्यांना सांगून ठेवा, दुसऱ्या घंटेला तिकडून आपलं स्तोत्र म्हणायचं. तुमच्या मालकांनाही. दोर मात्र आधी तपासून घ्या, वर कप्पीपाशी झिजलेला असतो आणि ते खालून दिसत नाही. बदलायचा तर सुती, बोटाएवढा जाड. नायलॉनचा ओढताना हात कापतो.